फ्रीजरमधलं टायर

वाघमारेकाका माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायचे, आधी त्याच्या गाडीच्या टायरकडे. आमच्या स्कूटरपाशी उकिडवे बसून ते टायरवर अंगठ्याचं नख दाबायचे आणि मग कुठे वर बघून "जय भीम" म्हणायचे. पायी आलेल्याचीही सुटका नव्हती, त्याला चपला उलट्या करून दाखवाव्या लागत. नक्षी झिजून गुळगुळीत झालेल्या टायरला ते "गोटा" म्हणत. माझ्या मागच्या टायरचं आणि पुढच्या टकलाचं वर्णन त्यांनी पुण्यात मार्केट यार्डाजवळच्या आपल्या टायरच्या दुकानात, चार ट्रकवाल्यांसमोर, त्या एकाच शब्दात उरकलं होतं.

पुढे कॉम्प्युटरच्या नोकरीने मला अमेरिकेत नेऊन टाकलं, तेही बर्फाच्या गावात. तिथे एक जुनी गाडी घेतली. सुनीताला, माझ्या बायकोला, आठवा महिना आणि हॉस्पिटल चढावर. तिथला टायरवाला म्हणाला, आहेत ते 'ऑल सीझन' चालतील. फारच भीती वाटत असेल तर बर्फाचे दोन घ्या, पुढच्या चाकांना. भीती वाटत होतीच. काकांना फोन लावला.

"सगळ्या ऋतूंचं म्हणजे कुठल्याच ऋतूचं नाही," काका म्हणाले. "पण मी बर्फ बघितलाय तो फक्त उसाच्या रसात. चार दिवसांनी फोन कर."

त्या चार दिवसांत काय झालं ते काकूंनीच सांगितलं. काकांनी टायरचा एक तुकडा कापून फ्रीजरमध्ये ठेवला होता, थेट श्रीखंडाच्या डब्यावर. "अरे, पाहुणे विचारतात, श्रीखंडात केशर घातलंय की रबर!" काकू फोनवर कडाडल्या.

मागून काकांचा शांत आवाज आला, "दोन्ही अस्सल आहे म्हणावं."

मग फोन त्यांच्या हातात गेला. "ऐक. गारठ्याने हे रबर दगड होतं. नखसुद्धा रुतत नाही, मग रस्ता काय डोंबल धरणार? थंडीत मऊ राहणारं रबर माग, खोल नक्षीचं. आणि चारही चाकांना घाल."

"काका, टायरवाला म्हणतो दोन पुरतात."

"त्याची बायको बसणार आहे का गाडीत? पुढचं थांबेल, मागचं थांबणार नाही. गाडीचं ढुंगण पुढे येईल. तुम्ही शिकलेले, आणखी काय सांगू?"

मी गुपचूप चार घातले.

सुनीताला कळा सुरू झाल्या त्या सकाळी बर्फ पडतच होता. हॉस्पिटलच्या चढावर समोरून उतरणाऱ्या एका गाडीचं मागचं अंग गर्रकन फिरलं आणि ती आमच्यापुढे आडवी झाली. मी ब्रेक दाबला. आमची गाडी कुरकुरत, पण सरळ थांबली. मध्ये हातभर जागा राहिली. कळ सोसत सुनीता म्हणाली, "काकांना सांग."

मुलगी झाल्याचं कळवलं तर काकांनी आधी विचारलं, "गाडी घसरली का?" नाही म्हटल्यावर नाक शिंकरल्याचा आवाज आला. मग घसा खाकरून म्हणाले, "पोरीचे तळवे बघितलेस? नक्षी आहे ना?" लबाड माणूस रडत होता आणि मला कळू देत नव्हता.

काका गेले तेव्हा मला येता आलं नाही. ते अजून सलतं. उन्हाळ्यात पुण्याला आल्यावर काकूंकडे गेलो. त्यांनी सरबतात घालायला बर्फ काढला, तर टायरचा तो तुकडा तिथेच होता, बर्फ साचून पांढराफटक.

"काकू, आता टाकून द्या की हा."

"का? तुमच्याकडे बर्फ पडायचा थांबला?" पदराने डोळे पुसत त्यांनी फ्रीजर लावून टाकला. "सरबत मिळेल. आधी चपला दाखव."

मी दारातून चपला आणून उलट्या धरल्या. काकूंनी त्यांवर अंगठ्याचं नख दाबलं.

"गोटा," त्या म्हणाल्या.