टेलिफोनमावशी आणि एका डब्यातल्या तीन सिस्टिम

स्वेटरवाल्यांनी कॉम्प्युटरचा डबा कडेवरच्या लेकरासारखा आणून टेबलावर ठेवला. मागोमाग त्यांचा जावई, हात खिशात. दुकान टेलिफोनमावशींचं. बोळातली एकच खोली, भिंतीला टेकवलेले उघडे डबे, खणाखणांत स्क्रू, आणि मधोमध चष्मा कपाळावर चढवलेल्या मावशी. त्यांची बावीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये "कुणाला जोडून देऊ?" म्हणण्यात गेली. एक्स्चेंज बंद पडलं तेव्हा बाकीच्या बायका घरी बसल्या. मावशी पंचेचाळिसाव्या वर्षी कॉम्प्युटर उघडून बसल्या. आवाज मात्र तोच राहिला, गोड आणि घाईतला. समोरचा माणूस आपोआप थोडक्यात बोलायला लागायचा.

जावयाला थोडक्यात जमत नसे. त्याचं प्रत्येक वाक्य 'बेसिकली'चा हात धरूनच उंबरा ओलांडायचं. तात्पर्य एवढंच, की सासऱ्यांच्या जुन्या विंडोजशेजारी त्याने लिनक्स ही दुसरी सिस्टिम बसवली होती, ती सासऱ्यांना रुचली नाही, म्हणून काल विंडोजमधूनच त्याने लिनक्सचा कप्पा पुसून टाकला. बेसिकली, साफसफाई. आज सकाळी बटण दाबलं तर काळा पडदा, त्यावर पांढरी एक ओळ, आणि पुढे ढिम्म काही नाही.

त्या डब्यात स्वेटरवाल्यांचे विणकामाचे तीनशे बारा नमुने होते, एकोणीस वर्षांत टाका न् टाका मोजून बसवलेले. ते उघडणारा प्रोग्राम फक्त त्या जुन्या विंडोजवर चाले, विणायचं यंत्र त्या प्रोग्रामखेरीज कुणाचं ऐकत नसे, आणि तो बनवणाऱ्या कंपनीने कधीच गाशा गुंडाळला होता. दुसरी प्रत ठेवू ठेवू म्हणता राहून गेली होती. नमुने गेले की यंत्र म्हणजे नुसतं लोखंड.

"गेलं का हो सगळं?" त्यांनी विचारलं.

"आधी बघू," मावशी म्हणाल्या. "मग घाबरायचं का ते ठरवू."

त्यांनी एक पेनड्राइव्ह खोचला. पडद्यावर भलतंच, अनोळखी काहीतरी उमटलं. आतल्या डिस्कला धक्काही न लावता, त्या बोटभर तुकड्यावरून अख्खी सिस्टिम उठून बसली होती. स्वेटरवाले खुर्चीच्या कडेवर सरकले.

मावशींनी डिस्कचा नकाशा उघडून दाखवला. एक कप्पा भरलेला, एक रिकामा. "एका डब्यात दोन सिस्टिम म्हणजे दोन बिऱ्हाडं. कुणाकडे जायचं हे विचारायला दारात एक जण बसतो. तो राहायला होता लिनक्सच्या खोलीत. जावईबापूंनी खोली पाडली, माणसासकट. तुमचं बिऱ्हाड आत जसंच्या तसं आहे. दार उघडायला कुणी नाही, एवढंच."

बेसिकली आपल्यालाही हेच म्हणायचं होतं, असं जावई म्हणाला. मावशी म्हणाल्या, हो ना, जावईबापूंनी फक्त करताना उलटं केलं.

मग पडद्यावर नमुन्यांची यादी सरकू लागली. हरणं लहान. हरणं मोठी. बाळाचा निळा. उलटी साखळी. स्वेटरवाल्यांचे ओठ हलत होते. मावशींनी आधी सगळ्यांची प्रत काढली, मग रिकाम्या कप्प्यात लिनक्स पुन्हा बसवलं, दारातल्या माणसासकट. जुन्यावरून इंटरनेटवर जाऊ नका, गिऱ्हाइकांची पत्रं लिनक्सवर वाचा, सवय होईल, असं बजावलं. कोपऱ्यात तिसरी एक चिमुकली सिस्टिम ठेवली, अडीअडचणीसाठी.

दुपारी पडद्यावर तीन ओळी आल्या. पहिली निवडली, तर जुनं विंडोज आणि त्यात हरणं, टाक्याला टाका लागून. बंद करून दुसरी निवडली, तर सगळंच निराळं, आणि त्या निराळ्यातूनही तेच तीनशे बारा नमुने दिसत होते. एका धाग्याचा अख्खा स्वेटर होतो, याचं स्वेटरवाल्यांना जन्मात कधी नवल वाटलं नव्हतं. पण तीन बिऱ्हाडं, प्रत्येकाला वाटतंय की डबा आपल्या एकट्याचा, आणि कुणाचा कुणाला धक्का नाही! त्यांनी नकळत डब्यावर हात ठेवला. तो कोमट होता.

"कुणीच काही निवडलं नाही तर दहा सेकंदांनी कुणाला उघडू?" मावशींनी विचारलं.

जावयाने तोंड उघडलं, सासऱ्यांकडे पाहिलं आणि मिटलं.

"जुन्यालाच," स्वेटरवाले म्हणाले. "पण दहा नको. तीस ठेवा. मला जरा बघत बसू दे."