शाडूने बंद केलेली पोपटी

वालाच्या शेंगा उडू शकतात, हे सातवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात कुठेही दिलेलं नाही. मी ते प्रयोगाने सिद्ध केलं आहे. साक्षीदार म्हणून माझी अख्खी सासुरवाडी उभी करू शकतो. (काही साक्षीदार अजून माझ्याशी बोलत नाहीत, पण साक्ष देतील. आनंदाने देतील.)

मी रोह्याला शाळेत विज्ञान शिकवतो. सासुरवाडी पेणजवळ, जोह्याच्या अलीकडे. गेल्या वर्षी जानेवारीत माझी मेव्हणी पल्लवी हिला बघायला पेणहून पाहुणे यायचे होते. खरं तर बघून झालं होतं. मुलगा नीलेश आणि पल्लवी एकाच एसटीने जाता-येता एकमेकांना दोन वर्षं बघतच होते. आता फक्त मोठ्यांनी हो म्हणायचं बाकी होतं. आणि मुलाच्या वडिलांनी, अण्णांनी, निरोप धाडला होता, "चहा-पोहे नकोत. तुमच्या शेतातली पोपटी खाऊ, तिथेच बोलू."

झालं! सगळं लग्न त्या पोपटीच्या मडक्यावर येऊन बसलं. पल्लवी तर सकाळपासून देवाला आणि मडक्याला आळीपाळीने नमस्कार करत होती.

पोपटीची आमच्याकडची रीत सोपी आहे. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या कोवळ्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, मध्ये अंडी, बटाटे, केळीच्या पानात बांधलेली मसाल्याची कोंबडी. तोंडाशी पुन्हा पाला कोंबायचा, मडकं शेतात उलटं ठेवायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा. आत पाण्याचा थेंब घालायचा नाही. झालं का ते कळायला वरून पाणी शिंपडायचं. चर्र करून लगेच उडालं की झाली पोपटी. माझे सासरे तात्या गेली चाळीसेक वर्षं हेच करत आलेत, आणि त्यांची पोपटी कधी बिघडली नाही. मला हे पुरेसं वाटायला हवं होतं.

पण तात्या पाला कोंबायला लागले आणि माझ्यातला शिक्षक जागा झाला. (तो वर्गात नेमका झोपलेला असतो.)

"तात्या, या पाल्यातून वाफ निघून जाते. म्हणजे उष्णता वाया! तोंड घट्ट बंद केलं, आत तांब्याभर पाणी घातलं, की कुकरसारखं निम्म्या वेळात शिजेल."

"मास्तर, आपल्यात असं करीत नाय," तात्या म्हणाले.

तेवढ्यात आमचे साडू दिलीपराव पुढे सरसावले. ते रोह्याला एका कंपनीत बॉयलरवर असतात. एरवी आमचं दोघांचं कशावरही एकमत होत नाही. त्या दिवशी झालं. तिथेच घात झाला!

"मास्तर बोलतात ता बरोबर हाय, तात्या. वाफेत लय ताकद असते. आमच्या कंपनीत तर सगळं वाफेवरच चालतं."

दोन्ही जावई एका बाजूला म्हटल्यावर तात्या काय बोलणार? जावयाला उलट बोलायचं नाही ही त्यांची जुनी सवय. (हल्ली सुटली आहे.) ते बिडी पेटवून बांधावर जाऊन बसले.

मग प्रश्न आला, तोंड बंद कशाने करायचं? जोह्याला गणपतीच्या कारखान्यांत माती कायम पडलेली असते. दिलीपराव मोटारसायकलवर गेले आणि शाडूचा मोठा गोळा घेऊन आले. मी तांब्याभर पाणी आत ओतलं आणि मडक्याच्या तोंडावर शाडूचा असा जाड थर दिला, असा गुळगुळीत हात फिरवला की सोंड तेवढी लावायची राहिली होती. पेंढ्याच्या धगीने थर थोडा वाळवूनसुद्धा घेतला.

"काय सुरेख झालंय!" मी म्हणालो.

"अहो, पोपटी आहे ती, बसवायची नाही आपल्याला," माझी बायको वैशाली म्हणाली.

चारच्या सुमारास पाहुणे आले. अण्णा पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात, नीलेश नव्याकोऱ्या शर्टात. प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. मडकं उलटं झालं, पेंढा पेटला. मी पाहुण्यांना उष्णतेचं वहन, अभिसरण आणि प्रारण समजावून सांगितलं. अण्णांनी मान डोलावली. दुसऱ्यांदा सांगितल्यावर त्यांनी चहा मागितला.

दिलीपरावांनी खिशातून कंपनीतली तापमान मोजायची बंदूक काढली आणि मडक्यावर रोखली.

"चढतोय आकडा! चढतोय!"

तात्या तांब्या घेऊन आले. "सरा बाजूला. पानी मारून बघतो. झाली असंल."

"नको नको, तात्या!" मी आडवा झालो. "तापलेल्या मडक्यावर गार पाणी पडलं की ते आकुंचन पावतं. तडा जाईल!"

"चाळीस वर्षांत नाय गेला."

"म्हणजे आता जायची शक्यता वाढली!"

हे वाक्य मी का बोललो, मला आजही माहीत नाही. तात्यांनी तांब्या खाली ठेवला. मडक्यातून बारीक शिट्टीसारखा आवाज यायला लागला.

"दाजी," पल्लवी हळूच म्हणाली, "ह्यो आवाज कधी येत नाय."

"म्हणून तर," मी म्हणालो, "आपली पोपटी वेगळी आहे."

धप्प!

मडकं तडकलं नाही. मडकं गेलं! खापऱ्या गवतात, पेंढा हवेत, आणि वालाच्या शेंगा चारी दिशांना. कुणाला लागलं नाही, ही देवाची कृपा. पण कोंबडीची तंगडी मसाल्यासकट नीलेशच्या नव्या शर्टावर छातीशी येऊन थांबली. एक अंडं वर गेलं, वर्गात मी फळ्यावर काढतो तशी सुंदर कमान घेतली आणि अण्णांच्या मांडीवर उतरलं.

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. पल्लवीचे डोळे भरून आले. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं, म्हणजे सगळे माझाच विचार करत होते.

अण्णांनी ते अंडं उचललं. फुंकर मारली. सोललं आणि खाल्लं.

"शिजलंय हो!" असं म्हणून ते जे हसत सुटले, ते खुर्ची मोडेपर्यंत. "असली पोपटी जन्मात बघितली नाय! आमच्याकडून होकार समजा!"

माझा जीव भांड्यात पडला. (भांडं नव्हतं, पण पडला.) आणि तेवढ्यात नीलेश खापऱ्यांजवळ उकिडवा बसला. शर्टाला मसाला तसाच. एक खापरी उचलून म्हणाला, "मास्तर, मातीला मध्ये एक बारीक भोक ठेवलं असतंत ना, तर टिकलं असतं. परत करून बघायचं?"

तात्यांनी मला आणि दिलीपरावांना पेंढ्याच्या उडवीमागे बोलावलं.

"पोरगा बरा वाटला व्हता. आता बोलला ता ऐकलाव? ह्यो पन तुमच्यातलाच हाय. दोन झाले, तिसरा नको मला. मी नाय म्हनून सांगतो."

मी गार पडलो. मुलाकडच्यांचा होकार, आणि मुलीचा बाप नाही म्हणतोय, तेही माझ्यामुळे! उडवीच्या कडेने पल्लवीने सगळं ऐकलं होतं. तिने माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी आयुष्यभर विसरणार नाही. मग तिने पदर खोचला.

"आये, दुसरा मडका काढ गो."

तिने शेतातल्या शेंगा वेचल्या, घरातल्या उरलेल्या घेतल्या, भांबुर्डी कोंबली आणि मडकं उलटं केलं. पेंढा पेटवून नीलेशच्या हातात तांब्या दिला.

"मी सांगेन तेव्हा पाणी मारायचं. तोवर बोलायचं नाय."

नीलेश उभा राहिला. त्याच्या मनात फार काही चाललं होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. एकदा त्याने बोट वर केलं, तोंड उघडलं. पल्लवीने नुसतं बघितलं. तोंड मिटलं! बांधावर बसलेले तात्या एकटक बघत होते.

"मारा," पल्लवी म्हणाली.

चर्र!

तात्यांनी बिडी विझवली. "ह्यो ऐकतो," ते सासूबाईंना म्हणाले. "ह्याला द्यायला हरकत नाय."

मे महिन्यात लग्न झालं. यंदाच्या जानेवारीत पुन्हा पोपटी लागली. शिंपडायचा मान नीलेशचा. दिलीपरावांना शेंगा निवडायला बसवलं, बंदूक जप्त करून. मला बांधापलीकडे एक प्लास्टिकची खुर्ची दिली आणि तात्यांनी बजावलं, "मास्तर, हितनं हलायचं नाय."

मी हललो नाही. बाहेरून बल लावल्याशिवाय स्थिर वस्तू जागची हलत नाही, हे मी दर वर्षी सातवीला शिकवतो. पोपटी झाल्यावर वैशाली आली, दंडाला धरून मला उठवलं, आणि पंगतीला नेऊन बसवलं.