सर्व्हरकडे पाठ करून बसणाऱ्या आहेर मॅडम

आहेर मॅडम सर्व्हर बघायला यायच्या आणि सर्व्हरकडेच पाठ करून बसायच्या. द्वारका चौकाजवळच्या आमच्या अल्बम लॅबमध्ये त्या पहिल्यांदा आल्या, तेव्हा लॅबचे शेठ त्यांना सर्व्हरच्या काचेच्या खोलीकडे नेत होते. बाईंनी वाटेतच एक स्टूल ओढलं आणि नेमकं माझ्या मागे टाकलं. "तू कर तुझं काम. मी नाहीच असं समज."

कसलं समजतेय! मी गोंदियाकडची, नववीतच शाळा सुटलेली. माझं काम निवडीचं : लग्नाचे हजारो फोटो सर्व्हरवरून एकेक उघडून चांगले बाजूला काढायचे. बाकीचे त्यावरून पानं सजवत. सगळे माझ्यासाठी खोळंबायचे. "हिच्या गावची गाडी लेट, तशी हीपण," असं शेठ सगळ्यांदेखत म्हणायचे. मी "हो जी" म्हणून मान खाली घालायचे. एवढी लग्नसराई बघतो, नाहीतर तुझं तिकीट काढतो, असंही त्यांनी सांगून टाकलं होतं.

मॅडम बराच वेळ नुसत्या बघत होत्या. मग म्हणाल्या, "शेठ, हिनी काहीच चूक नही शे." त्या सटाण्याकडच्या, चिडल्या की अहिराणीत जायच्या. "हिचा हात थांबत नाही. फोटो यायचा थांबतो."

"अहो, दोन डिस्क आहेत की! दोन्हींत तेच फोटो."

"तेच सांगतेय. पंगत वाढली, वाढपी दोघंच. दोघांकडेही तोच मसालेभात. अजून दोघं उभे करा. जो मोकळा असेल तो वाढेल."

"म्हणजे सगळंच फास्ट?"

"उघडणं. सेव्ह करणं नाही. नवीन आलेलं चौघांच्याही पातेल्यात पडायला हवं ना! आणि याला बॅकअप समजू नका. तुम्ही चुकून पुसलंत, तर चौघंही इमानदारीत पुसतील."

म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी आधी सगळे फोटो एका वेगळ्या डिस्कवर उतरवून घेतले, त्यातले चार उघडून बघितले आणि मगच दोन नव्या डिस्क आत सरकवल्या. "जुनं सगळं यांच्यावर उतरेपर्यंत आज आणखी हळू चालेल. शेठ, आज कुणाला बोलायचं नाही."

शेठ हसले. मॅडम हसल्या नाहीत. "शब्द द्या."

शेठनी दिला. त्या दिवशी स्क्रीनवर आधी नुसत्या मुंडावळ्या यायच्या, नवरीचा चेहरा यायला युग लागायचं. शेठ दोनदा माझ्याजवळ येऊन तोंड उघडून परत गेले. काम रखडलं आणि तरी कुणी बोललं नाही, असा दिवस मी तोवर बघितला नव्हता.

दुसऱ्या सकाळी बटण दाबलं. मुंडावळ्या, चेहरा, डोळ्यांतलं पाणी, सगळं एकदम. पुढचा फोटो, पुढचा, पुढचा.

मॅडमनी मला आत बोलावलं. "ही डिस्क ओढ."

"मी नाही जी!"

"ओढ गं."

दोन्ही हातांनी ओढली. "आता बाहेर बघ. कुणाला कळलं?" काचेपलीकडे एकानंही मान वर केली नव्हती. सगळ्यांची लग्नं सुरूच होती. माझ्या हातात त्या सगळ्या लग्नांचं अख्खं बिऱ्हाड होतं आणि आत कुणाचं काही कमी झालेलं नव्हतं. "बसव परत. मधलं राहिलेलं बाकीच्यांकडून घेईल ती." देवळात फूल वाहावं तशी मी ती परत बसवली.

निघताना शेठनी विचारलं, "आता ही पोरगी भरभर करेल ना?"

"आता जो उशीर होईल तो हिचा. बोला खुशाल."

आता कशाच्या आड लपणार? पाणीसुद्धा न पिता बसले. दिवस मावळायच्या आत निवड संपली आणि पानं सजवणारे माझ्या मागे पडले. शेठ येऊन उभे राहिले, स्क्रीनकडे बघत म्हणाले, "उद्या लवकर ये. मोठं लग्न आलंय."

मॅडमना सांगायला म्हणून विसरून मागच्या स्टुलाकडे वळले, तर त्या सकाळीच गेलेल्या. पुढे त्या सिन्नरच्या कारखान्यात कायमच्या लागल्या. आभार राहिले ते राहिलेच. माझा हात एवढा चालतो, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊकच नव्हतं.