चिक्कीची परीक्षा
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पाचवीतल्या माझ्या बहिणीवर अन्याय झाला. गुळाच्या चिक्कीचा वास आला की अजून डोकं फिरतं. केदारखेड्याच्या शाळेत आलेल्या साहेबांनी प्रत्येक पोरापुढं चिक्की ठेवली. साहेब परत येईपर्यंत न खाता थांबेल त्याला दुसरी. हिनं लगेच खाल्ली. "संयम बिलकुल न्हाई," म्हणत वर्गाच्या सरांनी तिला स्कॉलरशिपच्या वर्गातून काढलं. घरी मावशीनं तोच प्रयोग केला, तर पोरगी चुपचाप थांबली. "मंग शाळेत का खाल्ली गं?" "तिथं खिचडीसंगं अंडं देतो म्हणले, कधी दिलं का? मंग दुसरी चिक्की तरी कशी देतील?" मी सरांना म्हणालो, पुन्हा करून बघा. "सिद्ध झालेलं पुन्हा कशाला? लई शहाणा झाला का रे?" तिचा वर्ग गेला तो गेलाच. तुमच्या शाळेत असले साहेब आले तर विचारा, हे दुसऱ्यांदा कुणी तपासलं? उत्तर मिळेपर्यंत एकाही पोराचं नाव वर्गातून काढू देऊ नका.