दंडावरचा फोड

मिठाच्या सत्याग्रहाच्या मागचंपुढचं वर्ष असेल. रेवसकडच्या आमच्या कोळीवाड्यात देवीची लस टोचणारा सरकारी माणूस आला की बाया पोरं घेऊन पसार व्हायच्या. शेजारणीने तर आपला मुलगा होडीत जाळ्याखाली लपवला. मी मात्र माझ्या तान्ह्या लेकीचा दंड पुढे केला. देवीने माझा भाऊ नेला होता. पुन्हा तसलं बघायची ताकद माझ्यात नव्हती.

आठवड्याने तो माणूस फोड उठला का ते बघायला आला. सासूबाई तोऱ्यात म्हणाल्या, "बघा कसा सुकवला! डाग पन न्हाय." मासळी कापताना बोट कापलं की आम्ही हळद-चुना दाबतो. टोचल्याबरोबर, माझी पाठ वळताच, त्यांनी पोरीच्या दंडावर तोच दाबला होता.

त्याने कपाळाला हात लावला. "आजीबाई, तो फोडच तर हवा होता! त्यानेच अंगाला देवीशी लढायची सवय लागते." पुन्हा टोचलं. सासूबाईंना मी असं काही बोलले की त्या दोन दिवस जेवल्या नाहीत. न जेवू देत!

दुसऱ्याच दिवशी त्या शेजारणीच्या दाराला कडुनिंबाचा डहाळा लागला. तिच्या मुलाला देवी आल्या होत्या. मला बसवेना की उठवेना. मासळी वाळत घालायला जायची, ती अर्ध्यातून टाकून घरी पळायची नि पोरीचा दंड उघडून बघायची. आधी काय येणार, फोड की देवी?

मग पोरीला ताप भरला. "आली गो आली," सासूबाई रडू लागल्या. मी पोरीचे तळवे, कानांच्या मागे, तोंडात, सगळं चाचपलं. कुठे काही नाही. दंडावर तेवढा एकच टपोरा, पाणी धरलेला फोड. पोर तापाने फणफणतेय आणि मी हसतेय!

त्याच आठवड्यात शेजारणीचा मुलगा गेला.

काही दिवसांनी ती आमच्या दारात येऊन उभी राहिली. लेक माझ्या मांडीवर, दंड उघडा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"उठला?" तिने विचारलं.

"उठला."

ती बराच वेळ बघत राहिली. मग वाकून तिनेच माझा पदर त्या दंडावर ओढला.

"झाकून ठेव गो," ती म्हणाली. "माझीच दिष्ट लागंल."