पत्रकार व्हायला किती लागतात?

आमटीची पळी भातावर धरायची, पण ओतायची नाही. समोरच्याने उत्तर दिलं की मगच आमटी खाली यायची. रत्नागिरीत बसस्थानकामागच्या गल्लीतल्या त्या खानावळीत तुम्ही कधी जेवला असाल, तर ही पळी तुम्हीही पाहिली असेल. जेवला नसाल तर तुमचं नुकसान झालं आहे, आणि ते आता भरून निघायचं नाही.

खानावळ चालवणाऱ्या बाईंना आम्ही सगळे वहिनी म्हणायचो. आम्ही म्हणजे बदलीवर आलेले बँकवाले, कृषी खात्यातले एक साहेब, दोन शिक्षक आणि मी. मी एका जिल्हा दैनिकाचा बातमीदार. घर गुहागरकडे, इथे भाड्याची खोली, आणि स्वयंपाकाच्या नावाने बोंब. वहिनींचे यजमान मुंबईत एका कंपनीच्या कँटीनमध्ये होते. गणपतीला आणि शिमग्याला यायचे. नवरा तिकडे लोकांना वाढायचा, बायको इकडे.

"आणि मग?" हा वहिनींचा प्रश्न. तुम्ही काहीही सांगा, गोष्ट संपली असं तुम्हाला वाटलं की त्या विचारायच्या, "आणि मग?" एकदा एक विमा एजंट नव्याने जेवायला आला आणि पहिल्याच दिवशी त्याने योजना समजावून सांगितली. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं.

"तुमचा सोताचा विमा काढलाय?"

"नाही अजून."

"मग आमाला कशाला सांगता ओ?"

आमटी पडली. तो पुढे वर्षभर जेवायला येत होता, पण विम्याचं नाव त्याने काढलं नाही.

वहिनींची एकुलती एक लेक बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली आणि तिने पुण्याला जाऊन पत्रकारितेची पदवी घ्यायची म्हणून सांगितलं. खानावळीत त्या दिवशी कोळंबीचं कालवण होतं, तरी जेवणावर कुणाचं लक्ष नव्हतं. बँकवाले म्हणाले, बी.कॉम. कर. साहेब म्हणाले, स्पर्धा परीक्षा दे. यजमानांनी मुंबईहून फोनवर नर्सिंग सुचवलं, कारण त्यांच्या खोलीतल्या एका गाववाल्याची भाची नर्स होऊन आखातात गेली होती. लेक कुणालाच काही बोलली नाही. ती भाकऱ्या वाढत होती.

मग वहिनी माझ्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. पळी वर.

"तुमी ह्येच शिकलात ना? किती लागले?"

मी आकडा सांगितला. माझ्या वेळचा.

"आता किती लागतील?"

"तिप्पट तरी. खाजगी कॉलेज असेल तर आणखी."

"आणि मग?"

"मग नोकरी लागते. सुरुवातीला मानधन असतं."

"मानधन म्हंजे?"

"म्हणजे पगार नाही, पण तसं म्हणायचं नाही."

सगळे हसले. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी आमटी वाढली आणि लेकीकडे पाहिलं. प्रवेशाची मुदत जवळ आली होती. होय म्हणायचं की नाही हे त्यांना ठरवायचं होतं, आणि आमच्यासारख्यांच्या ऐकीव गप्पांवर ठरवणाऱ्यांतल्या त्या नव्हेत.

"एक दिवस आमी दोघी येतो तुमच्यासंगती," त्या म्हणाल्या. "काय करता ते बघू दे."

माझ्या आयुष्यात कुणी माझं काम बघायला आलेलं नव्हतं. त्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घातला, हे इथे सांगायला हरकत नाही.

आधी एका हॉटेलात पत्रकार परिषद होती. कसल्याशा नव्या रिसॉर्टची. बोलणाऱ्यांनी भरपूर स्वप्नं दाखवली, मग बटाटेवडे आले, गुलाबजाम आले आणि निघताना प्रत्येकाच्या हातात थर्मासची पिशवी आली. वहिनींनाही मिळाली. मागच्या खुर्चीवर बसलेल्या त्या बाई कुठल्या पेपरच्या, हे विचारायला कुणाला वेळ नव्हता. रिक्षात बसल्यावर त्यांनी पिशवी मांडीवर घेतली.

"मी जेवू घालते आणि पैशे घेते. ह्यांनी आपल्याला खायला घातलं, वर हे दिलं. ह्याचे पैशे कोण देणार?"

"अशी पद्धत आहे, वहिनी."

"त्यांची बातमी नाय आली तर?"

"येतेच."

त्यांनी यावर "आणि मग?" विचारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. थर्मास त्यांनी रिक्षावाल्याला देऊन टाकला. मला मनातून वाटलं, पोरीचं पुणं हुकलं, आणि त्याला कारण मी.

तिथून मिरकरवाड्याला गेलो. बंदरातल्या गाळामुळे ट्रॉलर आत यायला अडत होते, त्याची बातमी करायची होती. मी मच्छीमार सोसायटीच्या पदाधिकाऱ्याला गाठलं आणि त्याने मला नेहमीचं पाठ झालेलं उत्तर दिलं. मी वहीत उतरवून घेतलं. वळून बघतो तर लेक जाग्यावर नाही.

ती लिलावाच्या कडेला, बर्फाच्या पाण्यात उकिडवी बसली होती. समोर एक म्हातारी मासळी निवडत होती. वहिनी आणि मी जरा लांब थांबलो. म्हातारी सांगत होती की होडी उशिरा लागली की बर्फ वितळतो, मग मासळीला भाव येत नाही.

"आणि मग?" लेकीने विचारलं.

मग सुनेशी भांडण होतं, म्हातारी म्हणाली. मुलगा होडीवर जायचं सोडून मुंबईला जायचं म्हणतो. लेक ऐकत होती. तिच्या पंजाबी ड्रेसची कड पाण्यात भिजत होती ते तिला कळत नव्हतं. म्हातारी हातातलं काम थांबवून बोलायला लागली. इतक्या वर्षांत ती माझ्याशी चार वाक्यं बोलली नव्हती, कारण मी तिला कधी काही विचारलंच नव्हतं.

"घरात तोंड उघडत नाय मेली," वहिनी हळूच म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. माझेही भरले, आणि मी वाऱ्याचं निमित्त सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी निर्णय सांगितला. फी जमेल, पण पुण्यात राहण्या-जेवण्याचा खर्च फीपेक्षा जड होता. त्यावर त्यांनी उपाय काढला होता.

"लोकांची पोटं भरणं हा माजाच धंदा हाय. पोरीचं पोट दुसऱ्याकडं कशाला? मीच जाते तिकडं."

आम्ही हादरलो. साहेबांनी त्यांना पुण्यातली भाडी सांगितली, बँकवाल्यांनी गॅसचा दर. आमची सगळी काळजी आमच्याच पोटाची होती आणि ते वहिनींना चांगलं कळत होतं. जून संपायच्या आत त्या भांड्यांसकट गेल्या. यजमान म्हणाले, शिमग्याला गावी आणि बाकी सुट्टीला पुण्याला, एवढाच फरक. खानावळीच्या जागी आता मोबाईलची कव्हरं मिळतात. मी सध्या जिथे जेवतो तिथे मागितल्याबरोबर आमटी मिळते आणि कुणी काही विचारत नाही.

गेल्या वर्षी कार्यालयाच्या कामासाठी पुण्याला गेलो, तेव्हा पत्ता शोधत त्यांच्याकडे पोचलो. दोन खोल्या. पुढच्या खोलीत पानं मांडलेली, मागच्या खोलीत चार कॉट. कॉलेजच्या मुली राहायला ठेवल्या होत्या. दापोलीची एक, चिपळूणची एक, एक लातूरची. वहिनी थोड्या बारीक झाल्या होत्या. मला बघून त्यांनी आधी ताट घेतलं आणि मग विचारपूस केली.

लेक पास झाली होती. कॉलेजात पहिली आली होती. दिल्लीला एका मोठ्या वृत्तसंस्थेत लागली होती, आणि पगार, मानधन नव्हे, माझ्याहून जास्त होता. मला आनंद झाला, आणि थोडं पोटातही दुखलं.

"म्हणजे पैसे वसूल झाले, वहिनी!"

"झाले की. समदे झाले." त्या ताटाकडे बघत होत्या. "फी धरली होती, भाडं धरलं होतं, गॅस धरला होता. ती इतकी लांब जाईल ह्ये मात्र धरलं नव्हतं. चांगली शिकली तर लांबच जाणार, नाय का? एवढं कसं सुचलं नाय मला?"

मी विषय बदलायला मागच्या खोलीकडे पाहिलं. चौथी कॉट रिकामी होती. तिच्यावर धुतलेली चादर घातली होती, उशाशी एक छोटा पंखा. पुण्यात एका कॉटचं महिन्याचं भाडं किती मिळतं ते मला ठाऊक होतं, आणि वहिनींना तर पक्कं ठाऊक.

"त्या जागेला कुणी मिळालं नाही का?"

"विचारायला येतात रोज." त्या उठल्या, आत गेल्या, चादरीचा कोपरा ओढून नीट केला. "मी सांगते, भरलेली हाय."