मोठीआईचं मुसळ

माझ्या बाळंतपणाच्या खोलीचं दार मोठीआईने मुसळाने फोडलं होतं.

फोडलं नसतं तर ही पोस्ट लिहायला मी नसते. माझी आर्याही नसती.

मोठीआई आज सकाळी गेली.

मोठीआई म्हणजे बाबांची वहिनी. सानगडीला आमच्या घराला लागूनच तिचं घर. तोंडाची इतकी फटकळ, की भांडायला आलेला माणूस पाणी पिऊन परत जायचा.

माझी पहिली डिलिव्हरी माहेरी झाली. कडक थंडी. आमच्याकडे बाळंतिणीला शेक-शेगडी लागतेच. आंघोळी झाल्या, आईने आम्हा मायलेकींना खाटेवर निजवलं, खाली कोळशाची शेगडी सरकवली, खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या.

"हवा लागली तं जनमभर कंबर दुखन," हे तिचं ठरलेलं वाक्य.

येणारे-जाणारे सारखे दार ढकलायचे, म्हणून मी आतून कडी घातली. डोकं जड झालं होतं. जागरणाने असेल, म्हटलं.

पुढचं सगळं आईने सांगितलेलं.

दुपारी मोठीआई डिंकाचे लाडू घेऊन आली आणि दाराशीच थबकली. तिने आईला विचारलं,

"सुमन, लेकरू काहून रडून नाई राहिलं?"

"झोपलं असन, बाई."

"सकाळी तं गाव डोक्यावर घेतलं होतं ना वं?"

तिने दार वाजवलं. "पोरी, कडी काढ."

आतून काहीच नाही.

आई चिडली. "झोपू द्या ना तिले! रातभर जागली हाये. दार उघडलं तं हवा लागन."

"हवाच पायजे तिले!"

मोठीआई स्वयंपाकघरात जाऊन मुसळ घेऊन आली. आई आडवी आली, तर तिला ढकललं. खरंच ढकललं, आई भिंतीवर आपटली.

बाबा ओरडले, "वैनी, येड लागलं काय? सागवानाचं दार हाये!"

"दार पुन्हा बनते, भाऊजी. पोरगी कुठून आणान?"

घाव घातला. पुन्हा घातला. कडी सुटेना.

एवढ्या आवाजातही बाळ रडलं नाही. तेव्हा बाबांचा चेहरा उतरला. त्यांनी खांदा लावला आणि मुसळाच्या पुढच्या घावासरशी कडी उचकटली.

मी हलवूनही हलत नव्हते. मोठीआई आर्याला घेऊन अंगणात धावली, बाबांनी मला ओढत बाहेर आणलं. ज्या हवेला सगळे भीत होते, त्याच हवेत.

थोड्या वेळाने आर्या रडली. आई म्हणते, एवढं गोड रडणं मी जन्मात ऐकलं नाही.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, बंद खोलीत कोळसा जळला की विषारी गॅस होतो. कार्बन मोनॉक्साइड. वास नाही, काही नाही. माणूस झोपेतच जातो.

त्यानंतर गावात कुठेही बाळंतीण असो, मोठीआई घरात घुसून शेगडी बाहेर काढायची. "आली शेगडीची पोलीस," बाया हसायच्या. शिव्याही खाल्ल्या तिने.

बऱ्याच वर्षांनी मी विचारलं, "तुला कसं समजलं गं?"

लाडू वळता वळता तिचे हात थांबले.

"माह्यी पहिली पोरगी अशीच चूप झाली होती. सासू म्हणे, झोपू दे. मी झोपू देलं."

आणि पुन्हा लाडू वळायला लागली. तिला एक मुलगी होती हेच मला तोवर माहीत नव्हतं.

थंडी पडली आहे. ही पोस्ट वाचून हळहळू नका, ऐका. बंद खोलीत शेगडी ठेवू नका. शेक द्यायचाच तर अंगणात द्या. शेगडीजवळ डोकं जड झालं, मळमळलं, तर आधी बाहेर पळा. कोणी उठत नसेल तर नजर-बिजर उतरवत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. आणि बाळंतिणीच्या खोलीला आतून कडी नको म्हणजे नको.

आज मोठीआईला खोलीत ठेवलं होतं. बसलेल्यांना थंडी वाजते म्हणून कोणीतरी शेगडी आत आणली आणि दार लोटलं.

आर्या उठली. बारावीला आहे आता. काही न बोलता तिने शेगडी अंगणात नेली, मग येऊन खिडकी सताड उघडली.

मी तेव्हा रडले. सकाळपासून पहिल्यांदा.

जा, मोठीआई. तुझ्या या दोन पोरींचा तुला शेवटचा नमस्कार.